ऐकलेलं बोलून दाखवणारा जगदेव

कारंज्याहून निघालेली मोटार निम्म्या वाटेत बंद पडली होती आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण मंगरूळपीरच्या रस्त्याने पायी चाललो होतो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळायचं नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असायची. भट्टी पेटली तर मोटार चालायची, नाहीतर उतारूंनी उतरून ढकलायची. त्या दिवशी सगळ्यांनी ढकलूनही ती हलली नाही. जगदेवने माझी पेटी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, बाई, आपल्या पायाला कोळसा लागत नाही, चल.

जगदेव माझा धाकटा भाऊ. आरमारात अधिकारी होता. दिवाळीसाठी मला सासरहून माहेरी न्यायला तो मुऱ्हाळी होऊन आला होता. मुर्तिजापूरला गाडी बदलून कारंज्याला उतरला तेव्हा अंगावर पांढराशुभ्र गणवेश होता. तो पाहून फलाटावरच्या चिवडेवाल्याने टोपलीवर फडकं टाकून पळ काढला, कोणी नवा इन्स्पेक्टर आला असं समजून. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. आता तो गणवेश पेटीत गेला होता आणि धोतर-सदरा घातलेला जगदेव कोणत्याही शेतकऱ्याच्या पोरासारखा दिसत होता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, तुरीला पिवळा फुलोरा होता. उन्हं चढली तशी मी मागे पडायला लागले. म्हटलं, जरा हळू चाल.

"हळू चालतो," तो म्हणाला.

थोड्या वेळाने म्हटलं, त्या बाभळीखाली पाणी पिऊ.

"बाभळीखाली पाणी."

मी म्हटलं, आईने अनारशाचं पीठ भिजवलं असेल. तर हा म्हणतो, अनारशाचं पीठ. लहानपणी मला रडवायचं असलं की तो असंच करायचा, मी जे बोलेन ते परत बोलायचा. पण आता सत्ताविशीच्या घोड्याने हे करावं?

"काहून चिडवून राह्यला रे मले?"

"चिडवून राह्यलो..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. पेटी खाली ठेवली आणि बाभळीखाली बसला. "चिडवत नाई, बाई. सवय लागली. जहाजावर कोनी काई सांगतलं का आयकनाऱ्यानं ते परत म्हनाच लागते. म्हनजे सांगनाऱ्याले समजते का याले नीट आयकू गेलं. अन् माझं काम तं त्याच्याहून वाईट. माझ्या कानावर जे पडन ते तोंडानं बोललंच पायजे. मनात ठेवलं तं मानसं बुडतात."

असं कोणतं काम, म्हणून मी विचारलं. ते सांगता येत नाही म्हणाला. घरी वडिलांनी विचारलं होतं तेव्हाही एवढंच म्हणाला होता की मी ऐकतो. बाबा म्हणाले होते, घरात याने कधी कोणाचं ऐकलं नाही, आता सरकार याला ऐकायचा पगार देते.

मला हसू आलं, पण मनात धाकधूकही झाली. कारण आम्ही सरळ घरी जात नव्हतो. मंगरूळच्या दोन कोस अलीकडे, रस्त्याला लागूनच पुंजाजींचं गाव होतं, आणि तिथे मुलीकडच्यांना जगदेव दाखवायचा होता.

मी त्याला बजावलं, हे बघ, पुंजाजींकडे परत बोलायचं नाही.

"तिथं परत बोलाचं नाई," जगदेव गंभीरपणे म्हणाला, आणि मी कपाळाला हात लावला.

पुंजाजींची मनकर्णा त्याने मागितली कशी, तेही सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेचं, रंगूबाईचं लग्न कारंज्याला झालं. जगदेव तेव्हा रजेवर होता. हळदीच्या दिवशी बाया मागच्या अंगणात गाणी म्हणत होत्या आणि पुरुषमंडळी पुढच्या मांडवात बसली होती. संध्याकाळी जगदेव मला एका बाजूला घेऊन म्हणाला, त्या गाण्यात एक आवाज आहे. सगळ्या बाया सुरू करतात, मग तो मागून येतो, आणि सगळ्यांची ओळ संपली तरी तो थोडा वेळ थांबतो. तो आवाज कोणाचा?

मी म्हटलं, अरे, अंगणात वीस-पंचवीस बाया होत्या. पण दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं. रंगूबाईच्या नात्यातली मनकर्णा, पुंजाजींची मुलगी. खरंच मागून यायची आणि सगळ्यांनंतर थांबायची. तोपर्यंत जगदेवची रजा संपली होती. पण जाताना सांगून गेला की लग्न करीन तर त्या आवाजाशी, नाहीतर राहू द्या. तिचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. तिनेही याला पाहिलं नव्हतं.

बाबा पावसाळ्यात जाऊन मुलगी पाहून आले. मुलगी चांगली आहे म्हणाले. याच्यापुढे कोणत्याही गोष्टीचं वर्णन त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. पत्रिका जुळली. पुंजाजींचा मात्र पाय अडत होता. दर्यावरचा माणूस, लढाईचे दिवस, पोरगी कशी द्यायची? शेवटी म्हणाले, आधी मुलगा आमच्या ओसरीवर येऊन बसू द्या, मग बोलू. जगदेवसाठी सगळं त्या एका दुपारवर अवलंबून होतं.

आमच्या घरचा मुलगा समुद्रावर गेला कसा, याचं गावाला फार नवल. तोवर त्याने सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते पुराच्या वेळचं अडाण नदीचं. मंगरूळच्या मराठी शाळेत शिकला, वाशीमला मॅट्रिक झाला, दोन वर्षं अमरावतीच्या कॉलेजात काढली. मग वर्तमानपत्रात आरमाराची जाहिरात वाचून मुंबईला गेला. तिथे साहेबांनी विचारलं, पोहता येतं का? हा म्हणाला, विहिरीत येतं. साहेब हसले आणि त्यांनी त्याला घेतलं. आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. शेवटी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मांस-मच्छी खाणार नाही असं वचन घेऊन सोडलं. पहिले काही दिवस, तो सांगतो, त्याला जहाज लागलं आणि त्याने समुद्र पाहिला तो फक्त बादलीत.

त्याचं काम काय होतं ते मला लढाई संपल्यावर कळलं, म्हणून इथे सांगते. शत्रूच्या पाणबुड्या पाण्याखालून येत आणि मालाची जहाजं फोडत. त्या दिसायच्या नाहीत. म्हणून जहाजाच्या तळातून पाण्यात एक आवाज सोडायचा आणि तो कशाला तरी लागून परत येतो का ते ऐकायचं. जगदेवने मला समजावलं, विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते ना, तसंच. फरक एवढाच की ही विहीर हजार कोसांची, आणि परत आलेल्या हाकेवरून ओळखायचं की ती खडकाला लागली, माशांच्या थव्याला लागली की लोखंडाला. लोखंड आपल्याकडे येत असेल तर आवाज थोडा चढतो, दूर जात असेल तर उतरतो. आगगाडी शिट्टी देत जवळ येते आणि निघून जाते, तेव्हा कसा बदलतो तसा. हे काम शिकवण्याआधी साहेबांनी पोरांचे कान तपासले. त्यात जगदेव निवडला गेला. तो म्हणाला, तिन्हीसांजेला वावरात बसून कोणाची गाडी येते हे बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांवरून ओळखायची सवय होती, ती कामी आली.

पहिल्याच खेपेला त्याला परत येणारी हाक ऐकू आली. त्याने ओरडून सांगितलं, जहाज वळलं, बारुदाची पिंपं पाण्यात सोडली. धडाधड फुटली, आणि वर आले ते मासे. पाणबुडी नव्हतीच, माशांचा थवा होता. त्या दिवशी सगळं जहाज पोटभर मासे जेवलं आणि ज्याने मिळवून दिले तो गळ्यातल्या माळेकडे पाहत वरण-भात खात बसला. कितीतरी दिवस जहाजावर माशांच्या कालवणाला जगदेवची पाणबुडी म्हणत.

एकदा मात्र खरी आली. भर दुपारी. मागे मालाची जहाजं होती, त्यांत खलाशी आणि घरी परतणारी माणसं. जगदेवने ऐकलं, बोलला, जहाज तिच्या अंगावर गेलं. आवाज उतरायला लागला, म्हणजे ती पळत होती. उन्हं कलेपर्यंत तिचा पाठलाग केला. मी विचारलं, बुडवली का? नाही म्हणाला. पळवून लावली. मागची जहाजं कोरडी बंदराला पोचली, तेवढंच काम होतं. मी तेव्हा कारंज्याच्या गुरुमहाराजांना मनातल्या मनात हात जोडले. कोणाचा जीव न घेता माझ्या भावाने कितीकांचे राखले.

तर हे असं होतं. त्या दिवशी रस्त्याने चालताना यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पुंजाजींच्या ओसरीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाय धुवायला पाणी दिलं, पुंजाजींनी जगदेवला घोंगडीवर बसवलं. शेजारचे दोन-तीन जाणते लोक मुद्दाम येऊन बसले होते. मी दाराशी आतल्या अंगाला बसले.

पुंजाजी म्हणाले, मोटार वाटेत बंद पडली म्हणे.

"मोटार वाटेत बंद पडली," जगदेव म्हणाला, आणि लगेच, "हो."

किती भाऊ? "किती भाऊ. मी एकलाच." रजा किती? "रजा किती. एक महिना." मी दारातून डोळे वटारले. त्याच्या लक्षात आलं, त्याने ओठ आवळले, पण पुढच्या प्रश्नाला ते ओठ आपोआप उघडले. शेजारच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने पुंजाजींच्या कानाशी काही म्हटलं. त्यानंतर पुंजाजी मोठ्याने बोलायला लागले, आणि जहाजावर मोठ्याने बोललं की मोठ्यानेच उत्तर द्यायचं असतं, म्हणून जगदेवही मोठ्याने. वावर किती, म्हणून पुंजाजी ओरडले. वावर किती, म्हणून जगदेव ओरडला. गोठ्यातल्या गाईने मान वर केली.

थोड्या वेळाने पुंजाजी उठून आत आले. माणूस सालस. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, राग नोका मानू. तोफांच्या आवाजानं कान जातात म्हनते. पोरगा गुनाचा दिसते. पन माही पोर एकुलती एक. तिनं हाक मारली तं नवऱ्याले आयकू नाई आली, असं मी कसं करू?"

मी सांगितलं, तो बहिरा नाही, त्याची सवय आहे. कसली सवय, त्यांनी विचारलं. जहाजाची म्हटलं. जहाजावर काय करतो? ऐकतो, म्हटलं. माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. पुंजाजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. बहीण भावाचं झाकणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. म्हणाले, चहा घ्या, दिवाळीचं तोंड गोड करा, बाकी राहू द्या. आणि ते ओसरीवर जाऊन बसले.

जगदेवला दारातून सगळं ऐकू गेलं होतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. तो ताठ बसला होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. हे मात्र त्याने परत बोलून दाखवलं नाही.

आपल्याकडे एक रीत आहे. पाहुणा ओसरीवर असला की त्याला आतलं सगळं ऐकू येतं. भांडण, कुजबुज, सगळं. पण ऐकलं नाही असं दाखवायचं. आतल्यांनीही त्याला ऐकू जात नाही असं समजायचं. याच्यावरच घरं चालतात.

मी उठून चुलीपाशी गेले. मध्ये एक खोली, तिच्यात धान्याची उंच कणगी, तिच्या पलीकडे चूल. मनकर्णा चहा गाळत होती. तिची आजी कस्तुराबाई जवळ बसली होती. मनकर्णाने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. मग चहात बोट बुडवून चव घेतली आणि आजीच्या कानाला लागून, मलासुद्धा जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "आजी, चहात गूळ लय झाला. कोनाले सांगू नोको."

आणि ओसरीवरून, खणखणीत, अधिकाऱ्याच्या आवाजात आलं, "चहात गूळ लय झाला. कोनाले सांगू नोको."

मला वाटलं आता धरणी दुभंगावी. ओसरीवर जगदेवने, नंतर कळलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. दिवसभर चालून थकलेला माणूस, बोलू नको बोलू नको असं स्वतःला सांगत डोळे मिटून बसला होता, आणि कानावर नेमका तो आवाज पडला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो. मग जिभेला कोण अडवणार?

मनकर्णाच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. तिने आजीकडे पाहिलं. मग ओठ हललेही नसतील इतक्या हळू म्हणाली, "आता?"

"आता," ओसरीवरून आलं. पण या वेळी हळू.

कस्तुराबाई हसायला लागली ती पोट धरून. तिचं हसणं ऐकून शेजारचे हसले, मग पुंजाजी. म्हातारी तिथूनच ओरडली, "पुंजाजी, भयरा परवडला असता रे. याच्याम्होरं आता घरात एक गोष्ट झाकून नाई राह्यत."

मी दाराशी आले तेव्हा पुंजाजी डोळे पुसत होते. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पोरा, कान तं तुहे सशाचे हायत. मग बोललेलं परत काहून बोलतं?"

जगदेवने तोंडावरचे हात काढले. "मामाजी, कायले ते सांगाची मनाई हाय. एवढंच सांगतो, आमच्या तिथं आयकून गप्प बसलं का मानसं बुडतात. म्हनून गप्प नाई बसता येत."

पुंजाजी म्हणाले, ऐकणारा नवरा कुठे मिळतो. आणि आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं की चहा आण, गूळ जास्त असला तरी आण.

मनकर्णा चहा घेऊन आली. मी पाहत होते. जगदेव मान इतकी खाली घालून बसला होता की त्याला कपबशी आणि तिच्या पायांची बोटं याशिवाय काही दिसलं नसेल. तिने कप ठेवला आणि गेली. जाताना तिचा खांदा हसण्याने हलत होता.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्ताला यांचं लागलं. भटजी म्हणतील ते नवरदेवाने परत म्हणायचं असतं. जगदेव इतकं खडखडीत म्हणत होता की भटजी म्हणाले, इतक्या वर्षांत असा नवरदेव पाहिला नाही. पुढे लढाई संपली. जगदेवला मुंबईला, समुद्रकाठच्या एका शाळेत नव्या पोरांना ऐकायला शिकवायचं काम मिळालं, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही तो तिथेच राहिला. मनकर्णा मुंबईला गेली. मी एकदा जाऊन पाहून आले. ती स्वयंपाकघरात गाते आणि तो बाहेरच्या खोलीत तीच ओळ परत गुणगुणतो, अर्धी बेसूर. ती म्हणते, वन्सं, मी भांडायचं ठरवलं तरी जमत नाही, माझेच शब्द परत येतात, आणि तिकडून आले की ते इतके वेडे वाटतात.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. पुंजाजींच्या घरून निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी छकडा जोडतो म्हटलं, जगदेव नको म्हणाला. त्याला चालायचं होतं. दोन कोस राहिले होते. त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि असा चालायला लागला की मला पदर खोचून धावावं लागलं. मध्येच शीळ घालायचा. मध्येच थांबून मागच्या एखाद्या गाडीच्या घाट्या ऐकायचा आणि ही अमक्याची म्हणायचा. मी म्हटलं, आई दिवा लावून वाटेला डोळे लावून बसली असेल. या वेळी तो परत बोलला नाही. दुसऱ्याच विचारात होता.

मंगरूळच्या दर्ग्याचा घुमट दिसायला लागला तशी त्याची चाल एकदम मंदावली. पेटी खाली ठेवली. टोपी काढून डोकं खाजवलं. लहानपणी पाटी फोडून आला की असंच खाजवायचा.

"बाई, घरी गेल्यावर माय इचारन."

काय विचारेल, मी म्हटलं.

"पोरगी कशी दिसते म्हनून. बाबानं तं तिले काईच नाई सांगतलं." तो इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "मी पाह्यलंच नाई वो. नुसतं आयकत राह्यलो. तू मले इथंच सांग, कशी दिसते ते."